बाहेरचं

अहमदपूरचा कापडदुकानदार उमाशंकर तो सिनेमा पहिल्यांदा बघताना घरात सगळ्यात मोठ्यानं हसला. ते हसणं त्याला पुढं फार जड गेलं.

लातूरला कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी अक्षरा रविवारी घरी आली होती. जेवणं झाल्यावर तिनं टीव्हीवर सिनेमा लावला. त्यात एका माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, आणि त्याचा थोरला भाऊ सगळ्यांना सांगतो की धाकटा दुबईला असतो. असतो मात्र माडीवरच. वर काही वाजलं आणि पाहुण्यांनी मान वर केली, की भाऊ म्हणायचा, "मांजर आहे." या मांजरावर उमाशंकर पोट धरून हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय. त्याची बायको नीलम्मा मेथी निवडायची थांबली होती. अक्षरा छताकडं बघत होती.

छताच्या वरच्या खोलीत उमाशंकरचा धाकटा भाऊ चंद्रप्पा होता. दुकानात कुणी विचारलं तर तो बरा होऊन हैदराबादला कामाला असायचा.

"काय झालं हसायला?" नीलम्मानं विचारलं.

"मांजर म्हणला की."

"हाव. आपल्याकडं हैदराबाद म्हणतेत."

चंद्रप्पा पूर्वी देगलूरला एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. लोक सिनेमा एकदा बघायचे, फार आवडला तर दोनदा. चंद्रप्पा रोजचे चार खेळ धरून एकेक सिनेमा शंभर वेळा बघायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, यावेळी काहीतरी नवीन दिसलं. कुणी खेळ सुरू असताना मधलं दार उघडलं, की तो वरच्या खिडकीतून ओरडायचा, "दार लाव! उजेड यायलाय पडद्यावर!" पुढं टॉकीज बंद पडली. तिथं मंगल कार्यालय झालं आणि चंद्रप्पा पेटी घेऊन भावाकडं आला. आधी तो नुसता गप्प असायचा. मग भिंतीशी बोलू लागला. मग भिंत त्याच्याशी बोलू लागली. सहा वर्षांपूर्वी उमाशंकर त्याला लातूरला डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला.

त्या भेटीची हकीकत उमाशंकरनं नंतर इतक्यांदा सांगितली होती, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती पाठ झाली होती. डॉक्टरांनी चंद्रप्पाला तपासलं, बरंच काही लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "बाहेरचं काही आहे का?"

उमाशंकरच्या अंगावर काटा आला. भिंतीवर तीन-तीन सर्टिफिकेटं लावलेला माणूस, आणि तोच विचारतोय! जी शंका घरात बोलायची चोरी होती, ती डॉक्टरनं स्वतःच्या तोंडानं काढली. तो म्हणाला, "हाव साहेब. बाहेरचंच हाय. आम्हाला बी तेच वाटायलंय."

"मग ते आधी बंद करा," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही एकदम चालणार नाही."

आता याहून स्पष्ट काय सांगायचं राहिलं? गोळ्या कपाटात गेल्या आणि चंद्रप्पा सीमेपलीकडच्या एका महाराजाच्या ठाण्यावर गेला. गळ्यात इष्टलिंग बांधणाऱ्यानं खरं तर असल्या ठिकाणी पाय ठेवायचा नसतो. पण डॉक्टरांनीच सांगितलं म्हटल्यावर धर्माचा प्रश्न उरला नाही. अकरा अमावास्या झाल्या. धूर झाला, मिरच्या झाल्या, ओल्या फोका झाल्या. अकराव्या अमावास्येनंतर चंद्रप्पाचं ओरडणं बंद झालं. त्याच्याबरोबर बोलणंही जवळजवळ बंद झालं. महाराज म्हणाले, उतरलं. ज्या दिवशी तो दोन गल्ल्या ओलांडून बसस्टँडवर उघडा सापडला, त्या दिवशी खोलीची आतली कडी काढून ती बाहेरून बसवली. कडी तीच, खर्च फक्त स्क्रूचा.

रविवारनंतर नीलम्मा रोज दुपारी तोच सिनेमा लावू लागली. उमाशंकर जेवायला घरी आला की पडद्यावर मांजर चाललेलंच असायचं.

"किती बारी बघतीस गं? शेवट बदलणार हाय का?"

"सिनेमाचा न्हाई बदलत," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

हे उमाशंकरला लागलं. गुरुवारी दुकान बंद असतं. त्या दुपारी तो स्वतः रिमोट घेऊन बसला. सिनेमा बघायचा म्हणून नव्हे, आपण त्या भावासारखे नाही हे सिद्ध करायचं म्हणून. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन मुद्दे मिळाले. तो भाऊ मारतो, आपण कधी हात लावला नाही. तो शिळं घालतो, आपल्याकडं दोन्ही वेळचं ताजं जातं. ठाण्यावरच्या फोका दुसऱ्यानं मारल्या होत्या, त्या हिशेबात धरायचं कारण नव्हतं. तिसऱ्या मुद्द्याची वाट बघत असताना पुण्यातल्या दवाखान्याचा प्रसंग आला. रविवारी या वेळी तो पाणी प्यायला उठला होता. पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता त्या दोघा भावांच्या आईला विचारलं, "बाहेरचं काही चालू आहे का?"

आई म्हणाली, "हो, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या देतोय झोपेच्या."

"मग त्या आधी बंद करा. दोन्ही एकदम चालणार नाही."

उमाशंकरनं सिनेमा मागं घेतला. पुन्हा लावला. पुन्हा मागं घेतला. पाचव्या वेळी त्याला मागं कुणीतरी उभं आहे असं जाणवलं.

"औषधाचं विचारायलीय ती," तो टीव्हीकडं बघतच म्हणाला. "दुसऱ्या डॉक्टरच्या औषधाचं."

"हाव," नीलम्मा म्हणाली.

"तुला कळलं होतं?"

"रविवारीच."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? सहा वर्षं झाली, गावभर डॉक्टरांचं नाव सांगायलात तुम्ही. म्हणलं, तुमच्या कानानं ऐका एकदा."

शुक्रवारी सकाळी ते चंद्रप्पाला जीपमध्ये घालून लातूरला गेले. डॉक्टर तेच होते, केस पिकले होते. त्यांनी जुना कागद काढला.

"बाहेरचं चालू होतं असं लिहिलंय मी. कुणाचं औषध होतं?"

दुकानात तासतासभर बोलणाऱ्या उमाशंकरनं बायकोकडं बघितलं. नीलम्मानंच सांगितलं. ठाणं सांगितलं, अमावास्या सांगितल्या, कडीसुद्धा सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी रागावावं असं उमाशंकरला फार वाटलं, पण ते रागावले नाहीत.

"म्हणजे गोळ्या एकही दिवस नाही?"

"न्हाई साहेब."

"सुरू करू आपण. झोप सुधारेल, खाणं सुधारेल. पण माणूस किती परत येईल ते आता सांगता येत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तेव्हा सांगता आलं असतं."

दुपारी घरी पोचल्यावर उमाशंकर भावाला धरून वर घेऊन गेला. चंद्रप्पा आपल्या जागेवर, समोरच्या मोकळ्या भिंतीकडं तोंड करून बसला. उमाशंकरनं त्याला पहिली गोळी दिली, पाणी पाजलं आणि दार सताड उघडं ठेवून तो जिना उतरू लागला. कडी आता लावायची नाही, हे त्यानं जीपमध्येच ठरवलं होतं.

"दार लाव!"

महिन्याभरात चंद्रप्पाचा आवाज ऐकला नव्हता. उमाशंकर तिसऱ्या पायरीवर थबकला.

"दार लाव म्हणलं ना! उजेड यायलाय पडद्यावर."

"चंद्रू, उघडंच राहू दे आता. कोण कोंडणार न्हाई तुला."

चंद्रप्पानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि तो अंग हलवू लागला. उमाशंकर परत वर आला. यावेळी त्यानं आत येऊन दार लोटलं. ते लगेच करकरत उघडलं. आत कडी नव्हती, चार भोकं होती. मग तो खालीच बसला आणि दाराला पाठ लावली. खोली अंधारली. चंद्रप्पाचं हलणं थांबलं.

बराच वेळ दोघं भिंतीकडं बघत राहिले.

"चंद्रू, काय लागलंय?"

"गप की अण्णा." चंद्रप्पानं भिंतीवरची नजर काढली नाही. "उशिरा आलास. सुरुवात गेली तुझी."

"पुढचा खेळ हाय का?"