गवतापासून लांब ठेवावे

वाशीच्या दवाखान्यात माझं काम सोपं होतं. डॉक्टर केसपेपरवर आजार लिहिणार, मी जाडजूड परदेशी पुस्तकात त्याचा आकडा शोधून शेजारी टाकणार. स्वतःची अक्कल वापरायची नाही, हा नियम. म्हणून तर मला घेतलं होतं.

त्र्याऐंशी साली हिरामणमामांचा पेपर आला. आमच्या पावणे गावचेच, आईचे चुलतभाऊ. दोन्ही फुप्फुसांवर वण. डॉक्टर चारुलताबाईंनी निदान लिहिलेलं : बुरसटलेल्या गवतानं होणारा शेतकऱ्यांचा आजार. आकडा चारशे पंच्याण्णव. सल्ला : गवतापासून लांब ठेवावे.

मामा खडी फोडायच्या मशीनवर होते. तिथे गवताची काडी नव्हती. मुकादमानं चिठ्ठी वाचली, सल्ला तंतोतंत पाळला आणि मामांना मशीनवरच ठेवलं. मामा आता बोलताना वाक्याच्या मध्ये दम घ्यायला बसायला लागले होते.

"मामा, धंदा काय सांगितलात?"

"शेती."

"शेतावर कारखाना उभा आहे!"

"शेत गेला म्हून मी शेतकरी नाय? तुजा बाप गेला तर तू त्याचा पोर नाय?"

"बाप घरी आहे माझा."

"मंग त्यालाच इचार."

त्यात गोजरामामी त्यांना काथ्यानं घासून, लग्नाचं धोतर नेसवून दवाखान्यात आणायच्या. डॉक्टरला धूळ दिसणार कुठून?

डॉक्टरनं लिहिल्याशिवाय मला आकडा बदलता येत नव्हता. म्हणून दोघांना परत आणलं.

"मॅडम, यांना धंदा पुन्हा विचारा ना."

मामांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मग खोकला आला, तो थांबेचना. मामी पाठ चोळत ओरडल्या, "सांगा ना! का मशीनवरच मरताव?"

मामा भिंतीकडे बघून म्हणाले, "शेतीच. पन दगडाची. आमी खडी पेरतो, तुमच्या बिल्डिंगी उगवतात."

चारुलताबाईंनी पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि लिहिलं : दगडाच्या धुळीचा आजार. मी पाचशे दोन टाकला. आयुष्यात इतक्या सुंदर अक्षरात आकडा काढला नव्हता.

"वण जाणार नाहीत," बाई म्हणाल्या. "वाढू द्यायचे नाहीत, एवढंच."

नवी चिठ्ठी वाचून मुकादमानं मामांना मशीनपासून लांबच्या गेटवर राखणीला बसवलं. पुढच्या तपासणीला मी वाटेत पढवलं, "मामा, वॉचमन सांगायचं."

"बरा."

"धंदा?" बाईंनी विचारलं.

मामांनी खिशातून चार भेंड्या काढून टेबलावर ठेवल्या. "गेटाजवल लावलीय. शेती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक उघडून भेंडीचा आकडा शोधू लागलो.