फळ्यावरच्या दोन आकृत्या

मी हिरवा फळा बोलतोय, बोलिव्हियातल्या विमान-अपघात तपास कचेरीतला. सुताराने मला शाळेसाठी घडवलं होतं. पण शाळेच्या दारातून मी आत जाईना, म्हणून इथे आलो. इथे एक कळलं, माणसाला एकदा 'का?' विचारायची खोड लागली की ती सुटत नाही. मलाही लागली.

एका वर्षी साउसिपाम्पा गावच्या धावपट्टीवर एक छोटं विमान पट्टीच्या दुरुस्तीसाठी खणलेल्या भागात उतरलं. प्रवासी वाचले. वैमानिक एउसेबियो ग्वाराची गेले.

आमचे जुने तपासनीस डॉन (म्हणजे श्रीयुत) रेम्बेर्तो यांनी माझ्या डाव्या अंगावर डॉमिनोच्या सोंगट्या काढल्या. एक पडली की पुढची पडते. शेवटच्या सोंगटीवर लिहिलं, 'वैमानिक'.

उजवीकडे नाइरा या तरुण तपासनीस बाईने चौकोन काढले: विमानतळ, कंपनी, वैमानिक. कोण कुणाला काय कळवतं, त्याचे बाणही काढले.

"हे काय, कोळ्याचं जाळं?" रेम्बेर्तो सालतेन्याचा, म्हणजे इथल्या खिम्याच्या करंजीचा, रस्सा मिशीवरून पुसत म्हणाले.

"तुमच्या रांगेत शेवटी उभा असतो तोच गुन्हेगार ठरतो, डॉन रेम्बेर्तो."

"आणि तुझ्या जाळ्यातून सगळे सुटतात, पोरी!"

मला दोघांचंही पटत होतं. अपघात एक, मग चित्रं दोन कशी?

एके दिवशी वैमानिकाच्या बायको, दोन्या (म्हणजे श्रीमती) कासिल्दा, त्यांचं सामान न्यायला आल्या. माझ्यासमोर थबकल्या. "यात माझा नवरा कुठाय?"

रेम्बेर्तोंनी मान खाली घालून सोंगटी दाखवली, नाइराने चौकोन.

"त्याच्याकडे येणारा हा बाण मधेच का तुटलाय?"

"पट्टी खणल्याची सूचना त्यांना मिळाली की नाही, ते कळत नाही," नाइरा म्हणाली.

"मग ते शोधा ना! माझ्या पोरींना शाळेत म्हणतात, तुमच्या बापाने विमान पाडलं."

रेम्बेर्तो स्वतः साउसिपाम्पाला गेले. विमानतळावरून सूचना निघाली होती, पण कंपनीच्या बंद पडलेल्या फॅक्सवर. चार महिने सगळ्याच सूचना तिथे जात होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता.

त्यांनी कासिल्दाबाईंना बोलावून हे सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "पण उतरण्याआधी पट्टी नीट बघायला विमानाने वरून एक फेरी मारायची असते. ती त्यांनी मारली नाही. तेही लिहावं लागेल."



"लिहा," बाई म्हणाल्या. "पण तेवढंच लिहू नका."

अहवालात दोन्ही आकृत्या गेल्या. रेम्बेर्तोंनी पहिली प्रत बाईंच्या मुलींच्या शाळेत स्वतः नेऊन दिली.

आता मी जिन्याखाली उभा आहे. खोलीत माझ्या जागी प्रोजेक्टरचा पडदा आलाय. त्यावर कुणाचं नाव शेवटी लिहाल, तेव्हा लगेच दिवा मालवू नका. थोडं थांबा, त्याच्यापर्यंत काय पोचलं नाही ते विचारा.