दरेकसाच्या घाटातली सून

माझी सून नीतू माहेरी आहे, अशीच माझी समजूत होती. आईले ताप आला म्हणून पिशवी घेऊन गेली होती. त्याच्या आधी तिनं विचारलं होतं, गोंदियाची काही मंडळी सायकलनं डोंगरगडले चालली, मी जाऊ का. मी म्हटलं, दवनीवाड्यात आपल्या घराले नाव आहे, या घरची सून रस्त्यानं गुडघे-टोंगळे हलवत जाणार नाही. विषय संपला. माझ्या घरात मी बोलली की विषय संपतेच.

त्या सकाळी माझ्या मनात आलं, आज डोंगरगडले देवीच्या दर्शनाले जाऊ. ओमेश, माझा मुलगा, आज नको, उद्या जाऊ म्हणत होता. मी ऐकलं नाही, त्याले जीप काढायले लावली. सालेकसा गेलं, दरेकसाचा घाट लागला. एका वळणावर पुढं सायकलवाल्यांची रांग. सगळ्यात समोर एक बाई, टोंगळ्यापर्यंत चड्डी, डोस्क्यावर हेल्मेट, उभी राहून पायडल मारून राहिली होती.

"पाहा," मी ओमेशले म्हटलं, "हिची सासू मेली वाटते."

ओमेशनं गाडी फक्त हळू केली. आम्ही बाजूले आलो तशी त्या बाईनं मान वळवली.

नीतू.

मांडीवरचं पूजेचं ताट घसरलं, कुंकू सगळं लुगड्यावर. ओमेशनं जीप थांबवली आन समोरच पाहत बसला. म्हणजे यालेही ठाऊक होतं. सायकल यानंच घेऊन दिली असंल.

नीतू उतरली. गळ्यातला घामेजलेला दुपट्टा सोडून तिनं हेल्मेटवरूनच डोक्यावर पदरासारखा घेतला, नीट पुढं ओढला, आन सायकलसकट खिडकीशी येऊन वाकली. टोंगळे उघडे आन डोस्का झाकलेला. मागचे सायकलवाले थांबून पाहून राहिले.

गाडीत बस, असं मी म्हणणारच होती.

"आई, मले पोहोचू द्या," ती म्हणाली. "बोलायचं ते घरी बोला."

मी मागं पाह्यलं. आम्ही आलो तो रस्ता पार खाली, झाडांत, दोरीएवढा दिसत होता. आमची जीपसुद्धा चढताना घुरघुरली होती. एवढं ही पायानं चढली?

वारा सुटला. दुपट्ट्याचं टोक सायकलच्या चाकाकडं उडून राहिलं.

"तो काढ डोस्क्यावरून," मी म्हटलं. "चाकात जाईन, मरशीन."

तिनं काढला, माझ्या हाती दिला, आन वळणावरून गेलीही.

"पाहून काय राहिला?" मी ओमेशले म्हटलं. "हिच्या मागं मागं चाल. पुढं काढू नको."

ओला दुपट्टा मी मांडीवर धरून होती. दर वळणावर खिडकीतून मान काढून तिले पाहत होती.