हौसेची कमाई

हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्याने पिना पाडायच्या बोलिंगचा चेंडू कधी विकत घेतलेला नसावा. परीक्षितकडे असे तीन होते, प्रत्येकाची भोकं त्याच्या बोटांच्या मापाने पाडलेली. म्हणजे विकायला काढले तरी घेणार कोण? शिवाय बूट, लीगची फी, मँचेस्टरबाहेरच्या स्पर्धांना जायचं पेट्रोल. एवढं ओतून मिळकत काय, तर प्लास्टिकचा एक कप. पुण्यात आईला तर अजून वाटायचं, मुलगा क्रिकेट खेळतो.

बायको, श्रद्धा, काही बोलायची नाही आणि तेच त्याला जड जायचं. उन्हाळ्यात भारतात तिचे वडील आजारी पडले तेव्हा तिकिटाचे पैसे नुकतेच तिसऱ्या चेंडूत गेले होते. उरलेला पगार व्हिसाच्या अर्जाची फी साठवण्यात जात होता. ती गेली नाही. "पुढची स्पर्धा जिंकलो की पहिलं तुझं तिकीट," तो म्हणाला होता. हरणारे सगळे असंच म्हणतात.

पण या रविवारी गडी खरंच जिंकला! शेवटच्या फेकीला दहाही पिना आडव्या झाल्या आणि बक्षीस लागलं आठशे पौंड. श्रद्धाने तिथेच फोनवर विमानं बघायला घेतली. वडील आता अंथरुणालाच खिळले होते.

"बाबा जिंकली! आपण आजोबाकडे जाणार?" सहा वर्षांची तनू आपल्या मोडक्या मराठीत ओरडत नाचत होती.

तेवढ्यात ऑफिसमधला अंशुमन पुढे आला. त्याचाही व्हिसा तोच. "काँग्रॅट्स रे! पण पैसे लगेच घेऊ नकोस हं. आपल्या व्हिसावर लिहिलंय ना, प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सन म्हणून काम करायचं नाही."

"अरे, ही माझी हॉबी आहे! आजवर खिशातूनच घालतोय."

"मला माहितीये. व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसला माहितीये का? कदाचित काहीच होणार नाही."

त्या 'कदाचित'ने घात केला. मार्चमध्ये इथे कायम राहण्यासाठी अर्ज करायचा होता. तो फेटाळला गेला तर नोकरी, घर, तनूची शाळा, सगळ्यावर पाणी. आणि बक्षिसाचं आजच ठरवायचं, तर रविवारी विचारायला वकील कुठून आणायचा? परीक्षितने श्रद्धाकडे पाहिलं. तिने फोन पर्समध्ये टाकला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "विषाची परीक्षा कशाला?"

"पण तुझे बाबा..."

"राहू दे म्हटलं ना."

त्याला स्वतःचीच इतकी चीड आली की तिसरा चेंडू उचलून काचेवर फेकावासा वाटला. पण आयोजक डेव्ह हसत हसत बँक खात्याचा नंबर विचारायला आला होता. खरं कारण सांगायचीही चोरी. परीक्षित एवढंच म्हणाला की पैसे इथल्या मुलांच्या बोलिंग क्लबला द्या.

डेव्हचे डोळे पाणावले. त्याने माइकवरून ते जाहीर केलं आणि अख्खा हॉल उभा राहिला. कोणी परीक्षितच्या पाठीवर थाप मारली, कोणी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. काय चाललंय ते न कळून तनूही टाळ्या पिटत होती.

श्रद्धाही वाजवत होती. सगळे थांबले तरी ती वाजवतच राहिली. थांबली की तिला रडू फुटेल, हे फक्त परीक्षितला कळत होतं.