मिटल्या डोळ्यांनी

वहिनी पोहण्याच्या बंदिस्त तलावावर आल्या त्या भरदुपारी, वर्ग संपून पाणी निवांत पडल्यावर. नवऱ्याने सगळी हयात इथे लोकांना पोहायला शिकवलं, पण वहिनींनी कधी पाय बुडवला नव्हता. आता ते, सगळ्यांचे सर, तुरुंगात होते. सकाळच्या वर्गातल्या एका नर्सने तक्रार केली, पाठीवर तरंगायला शिकवताना सरांनी नको तिथे हात लावला म्हणून. कोर्टाने तिचं खरं मानलं. आता वरच्या कोर्टात अपील करायचं, आणि त्यासाठी वहिनींना एक सही हवी होती: सरांच्या जुन्या विद्यार्थिनीची, जी त्यांच्याच जागी शिकवत होती.

"वकिलांनी एवढंच लिहिलंय बघ. त्या बाईचे डोळे मिटलेले होते. पाण्यात आणखी दोन शिकवणारे होते. मिटल्या डोळ्यांनी हात कोणाचा ते कळत नाही. हे तू सांगितलंस की झालं."

"सर माझ्याशी कधी वावगं वागले नाहीत, वहिनी. ते हवं तर लिहून देते."

"ते घेऊन काय करू? चांगुलपणाबद्दल कुणी खटला भरला नव्हता!"

टॉवेलांच्या खिडकीत शिक्षिकेची आत्या बसलेली असे. ओला टॉवेल कोण घडी घालून देतो, कोण बोळा करून फेकतो, यावरून ती माणसांचा जमाखर्च मांडायची. वहिनी तिने पाहताक्षणी घडीवाल्यांत जमा केल्या होत्या.

"अहो, उतरून तर बघा," आत्या म्हणाली. "मिटल्या डोळ्यांनी हात ओळखता आला नाही, तर मीच हिचा कान धरून सही करवते."

सौदा फायद्याचा दिसला. वहिनी उसना पोशाख घालून पाण्यात उतरल्या, लाजत, कुरकुरत. आत्याही पदर खोचून मागोमाग उतरली. शिक्षिकेने पाठीखाली हात धरला. कान पाण्याखाली गेले आणि कुणी दार लोटून घ्यावं तसं जग लांब गेलं. मिटल्या पापण्यांवर छताचा उजेड हलत होता. पाय कुठे संपतात आणि पाणी कुठे सुरू होतं, कळेना.

हात बदलला.

"आत्या," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा बदलला.

"आता पोरगी."

मग दोन्ही हात एकदम.

"डावीकडे तुम्ही, उजवीकडे ही. चेष्टा करता होय माझी!"

प्रत्येक बरोबर उत्तराला वहिनी स्वतःचंच नुकसान करून घेत होत्या आणि शर्यत जिंकल्यासारख्या हसत होत्या. हसता हसता त्या थांबल्या.

"ह्यांचा तर झोपेतही ओळखीन," त्या छताला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "आधी अंगठा टेकतो, मग बोटं." पाणी त्यांच्या गालापर्यंत आलं, मागे गेलं. "त्या बाईने कोर्टात हेच सांगितलं. आधी अंगठा. आमचे वकील हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले गं."

शिक्षिकेने पाठीखालचा हात तसाच धरून ठेवला.

"वहिनी, उभ्या राहा. पाणी कमरेएवढंच आहे."

"राहू दे थोडा वेळ."

"आणि तो कागद?" आत्याने विचारलं.

"त्यावर सही नको. वकिलांना सांगते, हा मुद्दा माझ्याच्याने होणार नाही. अपील ह्यांचं आहे, बाकी काय लढायचं ते ह्यांनी लढावं." वहिनींनी डोळे उघडले. "काढ हात."

शिक्षिकेने हात काढला. वहिनी हनुवटीपर्यंत खाली गेल्या, ठसकल्या, आणि मग पाण्याने त्यांना हळूच वर घेतलं.