निळ्या दोऱ्याच्या चाळीस कळ्या

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे, सुईसारख्या दोन टोकांचा. स्विस डोंगरातल्या घड्याळजींच्या गावात माझा जन्म झाला, पण घड्याळाशी माझी कधी गाठ पडली नाही. माझा जन्म गेला हॉलंडमधल्या एका काचघरात, मोहरीच्या जातीच्या वीतभर रोपांमध्ये.

रिन्स्के माझी मालकीण. एकोणीस वर्षं ती माझ्याने कळ्या सोलत होती. उमलण्याआधी कळी उघडायची, फुलाचा स्वतःचा पराग पडू नये म्हणून आतले सहाही पुंकेसर उपटायचे, चिकटलेला पराग मरावा म्हणून मला स्पिरिटमध्ये बुडवायचं आणि मगच पुढच्या कळीला हात लावायचा. सोललेल्या कळीच्या देठाला ज्याने-त्याने आपल्या रंगाचा दोरा बांधायचा, असा तिथला रिवाज; तारीख कोणी लिहीत नसे. रिन्स्केचा निळा. "हिने सोललं तर कळीलासुद्धा कळत नाही," असं लोक म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

पराग मिळेपर्यंत फुलातलं बी थांबून राहतं. त्याला थांबवणारं जनुक आमच्या रोपांत मोडलेलं होतं. म्हणून बी बापाची वाट न पाहता फुगायचं, पण आत गर्भ नसायचा. नुसतं पोकळ. मार्निक्स या तरुण शास्त्रज्ञाला परागाशिवाय गर्भ धरलेलं बी हवं होतं.

एका शुक्रवारी रिन्स्के रजेवर होती. सकाळी मार्निक्सने माझ्याने साध्या, जनुक न मोडलेल्या रोपांचा पराग काढला आणि मला न धुताच चाळीस कळ्या सोलल्या. त्याचा लाल दोरा संपला होता. त्याने रिन्स्केचा बांधला.

सोमवारी रिन्स्केने मला भिंगाखाली धरलं.

"मार्निक्स, चिमट्याला पराग आहे. शुक्रवारी सोललेल्या कळ्या टाकून दे."

"रिन्स्के, तू माझी आई होऊ नकोस. एक आहे तेवढी पुरे."

"आई असते तर कान पिळला असता."

आणि सवयीने तिने मला धुऊन टाकलं. पुरावाच धुऊन गेला.

पुढे त्या बियांत गर्भ सापडले. सफरचंदाचा केक आला. "चाळीसच्या चाळीस मी स्वतः सोलल्यात!" मार्निक्स कॉफी पिता पिता सगळ्यांना सांगत होता. वसंतात दुसऱ्या प्रयोगशाळेने ते बी रुजवून तपासलं. प्रत्येक रोपात साध्या रोपाचे गुण निघाले. बाप होता.

विभागप्रमुखांनी विचारलं, "कळ्या कोणी सोलल्या?"

मार्निक्स म्हणाला, "दोरा निळा आहे."

"अरे, केक खाताना काय म्हणाला होतास?" रिन्स्केने विचारलं.

"उत्साहात बोललो असेन."

तिने टेबलाभोवतीच्या चौघांकडे पाहिलं. केक त्या चौघांनीही खाल्ला होता. चौघांनी आपापल्या कपात पाहिलं.

रिन्स्केला कुंड्या धुवायला बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. महिन्याभरात ती काम सोडून गेली.

आता माझ्याने कागदांच्या पिना उपटतात. एक टोक वाकलं आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. लोखंडाच्या जागी दुसरं लोखंड मिळतं. पण मित्रांनो, तुमच्यासमोर एखाद्याच्या कामावर असा डाग लागला, तर कपात पाहू नका. मला तोंड नव्हतं. त्या चौघांना होतं.