नसलेल्या दोन विहिरी

आमच्या गणिती लायब्ररीत, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचात, लांबी बदलू शकणारी बिटची रांग नव्हती. बिट म्हणजे एक खूण, हो किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढंच. अशा किती खुणा लागणार हे आधी सांगावं लागे, आणि माझ्या वहिनीला नेमकं तेच सांगता येत नव्हतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. काही विहिरींचं पाणी खराब निघालं म्हणून वस्तीतल्या सगळ्याच बंद केल्या होत्या, आणि रोज नव्या सापडत होत्या, कुणाच्या परसात, कुणाच्या गोठ्यामागे. दर विहिरीला एक खूण हवी, खराब आहे की नाही. यादीचा ताळा जमल्याशिवाय एकही विहीर उघडायची नाही, असा नियम. तोवर माणसं बादल्या घेऊन टँकरपुढे उभी.

म्हणून मी ती रांग लिहायला घेतली. लायब्ररी आम्ही दोघं सांभाळतो, मी आणि मास्तर. मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण लाल पेन काही हातातून सुटलेलं नाही. माझा कोड वाचून त्यांनी फोन केला.

"यंत्र जागा चौसष्ट खुणांच्या पेटीनं देतं. शेवटच्या पेटीत उरलेल्या जागा दर वेळी पुसा."

"कशाला? तिथं शून्यच असतं."

"सगळ्या खुणा उलट्या केल्या की नसतं."

"मास्तर, राईचा पर्वत करू नका. पुसत बसलं तर वेग जातो."

"बरं बाई, तुमची मर्जी."

मला वेगाची भारी हौस. शुक्रवारी आवृत्ती निघाली, सोमवारी वहिनीनं ती वापरायला घेतली. मग तिचा पत्ताच नाही. गुरुवारी मीच फोन केला तर ती धापा टाकत होती.

"अगं, दोन विहिरी सापडत नाहीयेत. माझ्या कागदावर एकशे सव्वीस, त्यातल्या नऊ खराब. तुझा प्रोग्राम चांगल्या एकशे एकोणीस म्हणतो. ऑफिसात कुणीतरी दोन नोंदवल्यात आणि मला सांगितलं नाही. तीन दिवस घरोघर फिरतेय, गुडघ्याचं पार वाटोळं झालं."

एकशे सव्वीस आणि दोन, एकशे अठ्ठावीस. बरोबर दोन पेट्या. चांगल्या विहिरी मोजायला खराबच्या खुणा उलट्या करायच्या, आणि त्यांच्याबरोबर उरलेल्या दोन रिकाम्या जागाही उलटून चांगल्या विहिरी म्हणून मोजल्या गेल्या होत्या.

"तू वजाबाकी करून बघितली नाहीस?"

"केली ना. एकशे सतरा येतात. म्हटलं, तू लिहिलंयस म्हणजे घोळ माझ्याकडेच असणार."

ही बाई आमच्या घरात आल्यापासून माझा शब्द तिनं कधी तसाच मानलेला नाही. मी मीठ घातलं म्हटलं तरी चव घेऊन बघणार. आणि विश्वास ठेवला तो यावर.

"त्या विहिरी नाहीतच, वहिनी. चूक माझी आहे."

"नाहीत म्हणजे? कुठंच नाहीत?"

"कुठंच नाहीत."

"आत्ताच एका म्हातारीनं विचारलं, आज तरी उघडणार का. मी तिच्यावरच खेकसले. तीन दिवस पाणी अडवून ठेवलं मी."

"तू नाही, मी अडवलं."

"ते नंतर बोलू. आधी विहिरी उघडते," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुरुस्ती एका ओळीची होती. मी ती मास्तरांकडे पाठवली, काय झालं तेही सगळं लिहिलं. पाच मिनिटांत त्यांनी मंजूर केली. शेरा काहीच नव्हता. वहिनीही रागावली नव्हती. कुणीतरी चांगलं झापायला हवं होतं मला.